ऑडिओ की स्पीच?

गुरुवार, रात्री उशिरा

रूममेटशी आज पुन्हा तोच वाद. पदवीला आम्ही श्रवण (ऑडिओ) आणि वाचा (स्पीच) दोन्ही एकत्र शिकतो, पुढे मात्र वाटा फुटतात आणि एकच धरावी लागते. वर्गातल्या बहुतेकांचं ठरून गेलंय, आणि कारणंही ठरलेलीच. एक गट म्हणतो, ऑडिओ बरं, मशीन आकडा देतं, वाद नाही. दुसरा म्हणतो, दिवसभर बटणं कोण फिरवत बसणार, आम्हाला माणसांत काम करायचंय. पहिल्या वर्षी मीही असंच काहीबाही बोलायचे. क्लिनिकला बसायला लागल्यापासून ही दोन्ही वाक्यं ऐकली की माझं डोकं फिरतं.

सकाळचंच घ्या. ऑडिओला एक आजोबा आले होते, सोबत आजी. केस हिस्ट्री घ्यायला बसले तर सगळी उत्तरं आजींकडूनच. टीव्ही किती मोठा लावतात, फोनवर कसं भलतंच ऐकतात, वगैरे. आजोबांचं एकच पालुपद: "मला ऐकू व्यवस्थित येतं. हल्ली लोकच पुटपुटतात." मॅडम गालातल्या गालात हसल्या. हे वाक्य इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की केसपेपरवर छापूनच घ्यावं. पण ते खोटं नसतं, आणि हे कळायला ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, वाचता यावा लागतो.

बूथचं, म्हणजे बाहेरचा आवाज न येणाऱ्या तपासणीच्या खोलीचं, जाड दार लागलं. हेडफोनची लाल बाजू उजव्या कानावर, निळी डाव्या. सुरुवात 1000 हर्ट्झपासून (हर्ट्झ म्हणजे आवाजाची पट्टी, डेसिबल म्हणजे त्याची ताकद). ऐकू आलं की 10 डेसिबल खाली यायचं, नाही आलं की 5 वर जायचं. आजोबांचे 250 आणि 500 हर्ट्झचे आकडे वयाच्या मानाने उत्तम. 2000 च्या पुढे मात्र आलेख खाली खाली जात राहिला. म्हातारपणी कॉक्लियाच्या, म्हणजे आतल्या कानातल्या शंखासारख्या भागाच्या, तळाकडच्या पेशी आधी जातात, आणि उंच पट्टीचे आवाज तिथेच टिपले जातात. कुठला आवाज कॉक्लियाच्या पडद्यावर कुठे जास्त हलतो हे बेकेशी नावाच्या शास्त्रज्ञाने मृतदेहांच्या कानांत बघून दाखवलं, त्याला 1961 चं नोबेल मिळालं. पाठ्यपुस्तकात ते वाचताना जांभया येत होत्या. आजोबांच्या आलेखात दिसलं तेव्हा सरळ बसले.

स्वरांची ताकद खालच्या पट्टीत असते, म्हणून बोलणाऱ्याचा आवाज आजोबांपर्यंत पोचतो. स, श, फ, त यांची ओळख वरच्या पट्टीत, त्यात ही व्यंजनं मुळातच क्षीण. म्हणजे आवाज येतो, पण शब्दांना कडाच राहत नाहीत. 'सात' की 'आठ' हे कळणार कसं? आजी जितक्या ओरडतात तितके स्वरच मोठे होतात. समोरचा पुटपुटतोय असं वाटणं हे त्या आलेखाचं अगदी नेमकं वर्णन आहे, फक्त दोष भलत्याच्या माथी मारलेला.

आता ते 'मशीन आकडा देतं' प्रकरण. ऑडिओमीटर नुसता टोन सोडतो. आकडा देतात आजोबा, बटण दाबून. आणि आजोबा बटणाच्या बाबतीत महाकंजूष होते. मी काचेतून बघत होते. टोन दिला की भुवई किंचित वर जायची, मान जराशी तिरकी व्हायची, पण अंगठा हलायचा नाही. पक्की खात्री पटल्याशिवाय दाबायचं नाही, असा बाणा. मॅडमनी दार उघडून सांगितलं, "आजोबा, आवाज आल्याचा नुसता भास झाला तरी दाबा. चुकलं तर चालतं." आत येऊन पुन्हा टोन दिले तर आकडे 10 डेसिबलने सुधारलेले. कान तोच, मशीन तेच.

काही जण याच्या उलट असतात, टोन नसतानाही धडाधड बटण दाबतात. परीक्षेत नापास व्हायची भीती. म्हणून टोन ठरावीक अंतराने द्यायचे नाहीत, माणूस ताल पकडतो. आणि जो आकडा आपण लिहितो तो थ्रेशोल्ड म्हणजे तरी काय? साधारण निम्म्या वेळा ऐकू येतो असा सर्वांत हळू आवाज. उरलेल्या निम्म्या वेळा तोच आवाज त्याच कानाला ऐकू येत नाही. ज्या आकड्याला आपण वादातीत म्हणतो त्याच्या व्याख्येतच ही ये-जा आहे. शून्य डेसिबलचंही तेच. शून्य म्हणजे आवाज नाही असं नव्हे. निरोगी तरुण कानांना सरासरी जिथे जेमतेम ऐकू येतं ती रेघ. चांगल्या कानाचा माणूस उणे 10 लाही बटण दाबतो.

रूममेट म्हणाली, मग जिथे बटणच नाही त्या चाचण्या घे. तेही करून पाहिलं. झोपलेल्या बाळाच्या कानात बारकासा प्रोब ठेवायचा आणि कान आतून जो आवाज परत पाठवतो तो टिपायचा. कान स्वतः आवाज करतो हे केंप नावाच्या शास्त्रज्ञाने 1978 मध्ये दाखवून दिलं. मला आजही ही गोष्ट थोडी अचाट वाटते. एबीआर नावाच्या दुसऱ्या चाचणीत कानात क्लिकचे आवाज सोडून, डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या देठापर्यंतची प्रतिक्रिया बघतात. ती इतकी क्षीण असते की हजार-दोन हजार क्लिकची सरासरी काढल्यावर कुठे लहरी दिसू लागतात. बाळाला काही सांगायचं नाही, विचारायचं नाही. झालं ना वस्तुनिष्ठ? पण त्यातली जिच्यावरून निकाल ठरतो ती पाचवी लहर कुठली हे शेवटी डोळ्यांनीच ठरवायचं. बाळ झोपेत चुळबुळलं की आलेखात कचरा. परवा प्रात्यक्षिकाच्या वहीसाठी एकाच आलेखावर आम्ही दोघींनी लहर खुणावली, दोघींची जागा वेगळी. सर म्हणाले, "पुन्हा रन घ्या. दोन्ही वेळा तिथेच आली तर ती लहर." आणि इथे रेंगाळायलाही सवड नाही. जन्मल्यावर महिन्याच्या आत तपासणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू, हे वेळापत्रक आम्हाला झोपेतसुद्धा म्हणता येतं.

दुपारी स्पीचला. पक्षाघातानंतर अफेजिया झालेले, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा हरवलेले, एक काका, मुलगी सोबत. कंगव्याचं चित्र पुढे ठेवलं. काकांनी हात केसांतून फिरवला, म्हणाले, "केस." मान हलवली. चुकलंय हे त्यांना कळत होतं. पुन्हा "केस, केस" आणि हाताची मूठ टेबलावर. मुलगी "कंगवा" म्हणणार तेवढ्यात मॅडमनी तिच्याकडे बघून बोट ओठांवर नेलं. बराच वेळ गेला. मग मॅडम फक्त "कं…" म्हणाल्या, आणि शब्द बाहेर पडला. पुढे तेच काका आठवड्याचे वार सोमवारपासून रविवारपर्यंत घडाघडा म्हणून गेले. मुलीच्या डोळ्यांत पाणी. तिला वाटलं, वाचा आली. रांगेने पाठ असलेलं वेगळ्या वाटेने बाहेर येतं, त्यावरून बोलणं परतलं असं म्हणता येत नाही, हे तिला तिथल्या तिथे सांगावं लागलं. मॅडमनी सांगितलं, पण थेट नाही. आधी जे जमलं ते मोजून दाखवलं.

मोजून! हेच मला रूममेटला सांगायचं होतं. त्या पानावर काय काय लिहिलंय: उत्तर लगेच आलं की थांबून, स्वतः दुरुस्त केलं की नाही, अर्थाची खूण दिल्यावर आलं की पहिला ध्वनी दिल्यावर, चुकीचा शब्द जवळच्या अर्थाचा की जवळच्या उच्चाराचा. ब्रोका नावाच्या फ्रेंच डॉक्टरने 1861 मध्ये एका माणसाबद्दल लिहिलं, त्याला 'तां' एवढंच बोलता यायचं. तेव्हापासून या शाखेत काटेकोर नोंद ठेवल्याशिवाय कुणी एक पाऊल पुढे टाकलेलं नाही. स्पीच म्हणजे गोड बोलून गप्पा मारणं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा एका मिनिटाच्या बोलण्याचं ध्वनिलेखन करून दाखवावं.

आणि तिथेही आकडा एकटा आला की फसवतो. अडखळत बोलणाऱ्यांच्या बाबतीत अडखळलेल्या अक्षरांची टक्केवारी आम्ही काढतो. एखाद्याची अगदी कमी येते, कारण तो अडेल असा शब्द आधीच ओळखून दुसरा वापरतो. वरून बोलणं सुरळीत, आत सतत पळापळ. फक्त स्वतःचं नाव बदलता येत नाही, म्हणून नाव विचारलं की तिथेच गाडी अडते. टक्केवारीच्या शेजारी हे लिहिलं नाही तर तो कागद वाचून कुणीही म्हणेल, याला थेरपी कशाला?

(गिळण्याच्या त्रासाबद्दल आज लिहीत नाही, तोही स्पीचकडेच येतो. तो विषय निघाला की नातेवाईक विचारतात, बोलायचं सोडून गिळायचं काय बघता? ओठ, जीभ, टाळू, स्वरयंत्र सगळं तेच, आणि घास श्वासनलिकेत जाऊनही काही पेशंटना ठसका लागत नाही, हे सांगता सांगता पंधरा मिनिटं जातात.)

रूममेटने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग तू काय भरणार?" मी म्हटलं, ऑडिओ. ती हसायलाच लागली. तिला वाटलं होतं, एवढं भाषण दिल्यावर मी स्पीच म्हणेन. पण माझं कारण आजोबांच्या अंगठ्यात आहे. बूथबाहेर बसून नुसते आकडे टिपणारे पुष्कळ होतील. ती भुवई बघणारं तिथे कुणी असलं पाहिजे. शिवाय श्रवणयंत्र किंवा कॉक्लियर इम्प्लांट बसवलं की मुलाला आवाज मिळतो, भाषा मिळत नाही. ती पुढे महिनोन्‌महिने ऐकायला शिकवून येते. मला तिथे काम करायचंय, आणि तिथे दोन्हीकडचं लागतं.

उद्या मास्किंगची तोंडी परीक्षा. एका कानाला दिलेला टोन कवटीतून दुसऱ्या कानाला पोचतो आणि चांगला कान वाईट कानाच्या वतीने उत्तर देऊन मोकळा होतो, म्हणून चांगल्या कानात गोंगाट सोडायचा. किती, हे हूड नावाच्या संशोधकाच्या पद्धतीने, पठार लागेपर्यंत, म्हणजे गोंगाट वाढवूनही थ्रेशोल्डचा आकडा हलेनासा होईपर्यंत. पठारापर्यंत मला येतं. दोन्ही कानांत कंडक्टिव्ह दोष, म्हणजे बाहेरच्या किंवा मधल्या कानातला अडथळा, असला की काय करायचं, तिथे मात्र गोंधळ आहे. रूममेट जागीच आहे. तिला विचारून घेते.