बोअर इथं, बुडबुडे तिथं

चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपना तालुक्यात, एका गावात पाणीपुरवठ्याचं बोअर सुरू होतं. भूजलाचा अभ्यास करणारी म्हणून जागा मीच दाखवलेली. पश्चिम विदर्भात काळा बेसॉल्ट. त्यात पाणी सापडतं ते भेगांत, तेही बेताचं. इकडे मात्र चुनखडी. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबूस होतं आणि या दगडातल्या भेगा हजारो वर्षं विरघळवत राहतं. खाली पोकळी कुठं लागेल, याचा नेम नसतो.

दुपारी पांढुरका चुरा उडत असताना रॉड धपकन खाली गेला. अख्खी मशीन हादरली, चुरा बंद. चुरा वर फेकणारी कंप्रेसरची हवा आत जात होती, वर काहीच येत नव्हतं. तेवढ्यात पलीकडच्या वावरातून एक शेतकरी धावत आला.

"मॅडम, मशीन बंद करा जी! माही विहीर उकळून राहिली!"

जाऊन पाहिलं तर खरंच! पाणी गढूळ, तळातून भसाभस बुडबुडे. फोन करून कंप्रेसर थांबवला, बुडबुडे विरले. सुरू करायला लावला, की परत हजर. म्हणजे बोअरची हवा पोकळीतून थेट विहिरीत निघत होती. पोरांना तर खेळच मिळाला.

संध्याकाळपर्यंत 'गावाखालून नदी वाहते' अशी बोंब झाली, नारळही फुटला. मी फार वाद घातला नाही. बऱ्हाणपूरला १६१५ मध्ये मुघल सरदार अब्दुल रहीम खानखानानं सातपुड्याकडून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहरात नेलं, तो कुंडी भंडारा आजही आहे. तिथं माणसांनी खोदलं. इथं पाण्यानंच वाट कोरली.

माझं लक्ष मात्र बोअर आणि विहिरीच्या मधल्या नव्या संडासांच्या शोषखड्ड्यांकडे होतं. माती पाणी गाळते, अशी मोकळी वाट काहीच गाळत नाही. सरपंचताईंना म्हटलं, आधी पाणी तपासा, तोवर कोणी पिऊ नका.

"इतकं पाणी लागलं अन् तुम्ही पिऊ नका म्हणता?" त्या खट्टू झाल्या.

नेमका प्रश्न विहीरवाल्यानं विचारला. "बोअरवर मोटर बसली, तर माह्या विहिरीचं काय?"

याचं उत्तर उपसा-चाचणीशिवाय देता येत नाही. मोटर चालू असताना विहिरीची पातळी मोजायला टेप घेऊन त्यालाच बसवायचं ठरलं. दुसऱ्या कुणाच्या आकड्यावर तो विश्वास ठेवणार नव्हता, आणि त्यात गैर काय?