पिना कोठे शेतस?

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत मी गेली 22 वर्षे ओतशाळांसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात ते नमुने, तयार करतो. बिडाचे ओतकाम थंड होताना फुटामागे सुमारे अष्टमांश इंच आक्रसते, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा ठेवावा लागतो आणि त्यासाठी वाढीव अंशांची वेगळी पट्टी असते. विमानाची प्रतिकृती हाती घेतली की ती पट्टी मी कपाटात बंद करून ठेवतो, कारण सवयीचा हात तिच्याकडे केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. प्रतिकृतींवर माझे पोट चालत नाही. वर्षाकाठी दोन-तीनच होतात, पण जीव त्यांतच असतो.

मागच्या उन्हाळ्यात अमळनेर तालुक्यातील एक तरुण आला. त्याचे आजोबा हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारे कारागीर, होते आणि 1965 च्या युद्धात पंजाबातील एका तळावर त्यांनी नॅट या छोट्या लढाऊ विमानांवर काम केले होते. त्यांच्या 84 व्या वाढदिवसाला नॅटची प्रतिकृती द्यायची होती. मात्र तरुणाला हवे होते फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांचे विमान, काचेखाली वैमानिक बसलेला. 14 डिसेंबर 1971 रोजी श्रीनगरवर चालून आलेल्या पाकिस्तानी सेबर विमानांशी झुंजताना सेखों यांना वीरमरण आले. परमवीरचक्र मिळालेले हवाई दलातील ते आजवरचे एकमेव. त्यांचे विमान घडवणे कोणालाही अभिमानाचेच वाटेल. परंतु आजोबांनी ज्या विमानाला कधी हात लावला नाही, ते त्यांना का द्यायचे, असे मी विचारले. “आलेल्या लोकांना ओळखीचे वाटेल,” असे उत्तर मिळाले. आपल्याकडे युद्धाच्या आठवणी पाहुण्यांसाठी मांडल्या जातात आणि घरातल्या माणसाला विचारायचे राहून जाते, याचे मला फार वाईट वाटते. शेवटी 1965 चे साधे, चंदेरी नॅट करण्यावर आमचे एकमत झाले. काचेखालचा वैमानिक मात्र त्याने सोडला नाही.

बाजारात नॅटचे प्लास्टिकचे संच मिळतात, पण ते बहुतेक दोन आसनी प्रशिक्षण विमानाचे असतात. त्यातले एक आसन बुजवले की लढाऊ नॅट होते, असा अनेकांचा समज आहे आणि तो सपशेल चुकीचा आहे. प्रशिक्षण विमानाचा पंखविस्तारही जास्त आणि लांबीही जास्त. म्हणून मी शिवणीचे लाकूड घेतले आणि चोविसास एक हे प्रमाण धरले. मूळ विमान 8.74 मीटर लांब, म्हणजे एस.टी.च्या बसपेक्षाही आखूड, आणि पंखांचा विस्तार 6.73 मीटर, माझ्या प्रमाणात ते अनुक्रमे 36 आणि 28 सेंटीमीटर झाले. पत्र्याचे फर्मे कापून दर दोन सेंटीमीटरवर धडाचा छेद तपासला. मला सर्वांत समाधान दिले ते चाकांच्या दारांनी. नॅटमध्ये वेगळे हवाई ब्रेक नव्हते. चाके थोडी खाली सोडली की त्यांची दारेच वाऱ्याच्या आड येऊन विमानाचा वेग कमी करीत. इतक्या लहान विमानात वजन वाचवण्यासाठी नॅट बनवणाऱ्या फोलंड कंपनीचे रचनाकार पेटर यांनी केलेला हा विचार पत्र्याच्या त्या चिमुकल्या दारांत दिसावा, म्हणून मी त्यांची जाडी तीनदा उतरवली.

चंदेरी रंगाला लाकडाची एक रेघही लपवता येत नाही. लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, पॉलिश पेपरने घासायची, पुन्हा भरायची, मग काळा चमकदार थर आणि त्यावर ॲल्युमिनियमचा. मे महिन्यातील जळगावात दुपारी फवारलेला रंग पृष्ठभागावर पोचण्याआधीच सुकतो आणि अंगावर भुकटी बसल्यासारखा खरखरीत होतो. म्हणून रंगकाम पहाटे पाचला. बिल्ल्यात बाहेर केशरी, मग पांढरे आणि मध्यभागी हिरवे. चौकाचौकांत उभ्या केलेल्या निवृत्त विमानांवर ठेकेदारांनी मारलेला जाड तैलरंग पाहिला की माझा संताप होतो. ज्या यंत्राने माणसे वाहिली, त्याचा रंग एकदा विचारून घेण्याचेही कष्ट आपण घेत नाही.

वाढदिवसाच्या दिवशी त्या आजोबांनी, आप्पांनी, प्रतिकृती मांडीवर घेतली. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी आधी चाकांची दारे पाहिली आणि मान हलवली. मग हवेच्या वाटांशेजारच्या दोन्ही तोफांच्या तोंडांवरून बोट फिरवले. गोळ्या झाडून आलेल्या विमानावर इथून मागे काजळीचा पट्टा दिसायचा, त्यामुळे वैमानिक बोलण्याआधीच आम्हांला कळायचे, असे ते म्हणाले. शेवटी काच डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ आत पाहत राहिले.

“इमान चांगलं बनाडं भाऊ,” ते म्हणाले, “पन पिना कोठे शेतस?”

विमान चांगले झाले, पण पिना कोठे आहेत, असे ते अहिराणीत विचारत होते. मला क्षणभर उमगले नाही. वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनाला सुरक्षा पिना असतात, विमान जमिनीवर उभे असेपर्यंत त्या आत असतात, हे मी वाचले होते. आप्पांनी पुढचे सांगितले. वैमानिकाचे पट्टे आवळायचे, पिना काढायच्या, त्या त्याच्या डोळ्यांसमोर धरून मोजून दाखवायच्या, त्याने मान हलवली की खाली उतरायचे. परत आला की त्याच पिना पुन्हा आत. “एकदाव तश्याच हातमा ऱ्हायन्यात,” एवढे बोलून ते थांबले. ना नाव सांगितले, ना तारीख. नातवाने विचारले तेव्हा त्यांनी पाणी मागितले.

मी प्रतिकृती परत आणली. चिकटवलेली काच कापताना तडकली, म्हणून लाकडी साच्यावर पारदर्शक तक्ता तापवून नवी काच ओढावी लागली. पाच वाया गेल्या, सहावी उतरली. वैमानिकाची मूर्ती काढून आसन रिकामे केले आणि काच उघडी ठेवली. तांब्याच्या तारेच्या पिना केल्या, त्यांना लाल रंगवलेल्या पातळ कागदाच्या फिती लावल्या आणि त्या काढता-घालता येतील अशी भोके पाडली. विमान जमिनीवर, आसन रिकामे, पिना आत. नियमाने आता सर्व बरोबर होते.

आप्पांनी ती पाहिली, नखाने एकेक फीत धरून पिना बाहेर काढल्या, तळहातावर मोजल्या आणि सदऱ्याच्या खिशात ठेवल्या. प्रतिकृती कपाटात गेली ती तशीच. आयुष्यभर नियमाने काम केलेल्या फिटरने रिकाम्या आसनाच्या पिना काढून का ठेवाव्यात, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. आठवड्याने नातवाचा फोन आला, की पिना हरवल्या आहेत, नव्या करून द्याल का. त्या हरवलेल्या नाहीत, एवढेच मी त्याला सांगितले.