कुवारबावला घर भाड्याने घेताना: मागितलेले 53,500 आणि प्रत्यक्षात लागलेले पैसे

माझी बदली सावंतवाडीहून रत्नागिरीला झाली आणि जूनच्या आत घर बघणं भाग होतं. मुलीची शाळा जूनच्या मध्याला सुरू होणार, आणि एकदा पाऊस लागला की टेम्पोत सामान घालून घाट-वळणांनी आणणं म्हणजे गाद्या भिजणार हे ठरलेलं. एजंटांनाही हे पक्कं ठाऊक असतं. एप्रिल-मेमध्ये बदलीवाले येतात, त्यांना घाई असते, त्यामुळे तोंडाला येईल तो आकडा सांगितला जातो.

मारुती मंदिर, माळनाका, साळवी स्टॉप या भागात फ्लॅट होते, पण आमच्या बजेटच्या बाहेर. शेवटी कुवारबावला एका चिरेबंदी घराचा तळमजला पसंत पडला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे विहीर. भाडं 9,000, डिपॉझिट 30,000. घर आवडलं असं म्हटल्याबरोबर एजंटने खिशातल्या वहीचं पान फाडून त्यावर हिशेब लिहून दिला: पहिलं भाडं 9,000, डिपॉझिट 30,000, दलाली 9,000, ॲग्रीमेंट 4,000, पोलीस व्हेरिफिकेशन 1,000, घर दाखवण्याचे 500. एकूण 53,500. "ताई, आज पाच हजार टोकन द्या, नाहीतर उद्या दुसरी पार्टी येतेय." टोकनची पावती मिळेल का विचारलं तर म्हणाला, आमच्याकडे सगळं विश्वासावर चालतं.

पावतीशिवाय टोकन देणार नाही असं मी तिथेच सांगितलं. दलालीबद्दल माझी तक्रार नव्हती. घर त्याने शोधलं, दोनदा किल्ली घेऊन आला, त्याच्या कामाचे पैसे त्याला मिळायलाच हवेत. घरभाड्याच्या दलालीचा आकडा बोलीवरच ठरतो. शहरात एक महिन्याचं भाडं ही सर्रास चाल आहे, लहान गावात पंधरा दिवसांवरही भागतं. माझा प्रश्न बाकीच्या रकमांचा होता. चार हजारांचं ॲग्रीमेंट म्हणजे नक्की काय, हे त्याला विचारलं तेव्हा उत्तर आलं: "पाचशेचा स्टॅम्प, वकिलाची नोटरी, टायपिंग. अकरा महिन्यांचंच आहे, रजिस्टर करायची गरज नाही."

ही गोष्ट जवळजवळ सगळेच एजंट सांगतात, आणि महाराष्ट्रात ती चुकीची आहे. देशाच्या नोंदणी कायद्यात एका वर्षापेक्षा कमी मुदतीला सूट आहे म्हणून अकरा महिन्यांची पद्धत पडली. पण आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 आहे. त्याच्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा, करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा, मुदत कितीही असो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे, आणि वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. म्हणजे नोटरीचा कागद घरमालकालाच जास्त अडचणीत आणणारा आहे, आणि त्याला हे कोणी सांगतच नाही.

सरकारी खर्च किती येतो ते मी घरी बसून मांडलं. स्टॅम्प ड्युटी मुदतीतल्या एकूण भाड्यावर 0.25 टक्के, परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून ते भाड्यात मिळवायचं. आमचं अकरा महिन्यांचं भाडं 99,000, तीस हजारांवरचं अकरा महिन्यांचं व्याज 2,750, बेरीज 1,01,750. त्यावर ड्युटी साधारण 254, शंभराच्या पटीत वर धरली तर 300. नोंदणी फी नगरपरिषद किंवा महापालिका हद्दीत 1,000 आणि ग्रामीण भागात 500. कुवारबाव रत्नागिरीला चिकटलेलं असलं तरी ग्रामपंचायत आहे, म्हणून 500. वर ऑनलाइन दस्ताची थोडी हाताळणी फी आणि अंगठे घ्यायला मशीन घेऊन येणाऱ्या माणसाचा मेहनताना. सगळं धरून दोन हजारांच्या थोडं वर. तेही इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयाकडून मिळणारा दस्ताचा गोषवारा, त्यासकट नोंदलेल्या कराराला. एजंट चार हजार मागत होता ते निव्वळ नोटरीच्या कागदाला.

मग मी थेट मालकिणीशी बोलायचं ठरवलं. काकी लांजा तालुक्यात गावी राहतात, मुलगा ठाण्याला. नंबर एजंट देत नव्हता. तो शेजारच्या किराणा दुकानदाराने काकींना विचारून दिला. फोनवर कळलं की एजंटने काकींकडूनही एक महिन्याचं भाडं दलाली म्हणून कबूल करून घेतलं होतं, आणि ॲग्रीमेंटचे वेगळे दोन हजार. एकाच कागदाचे सहा हजार, तेही दोन्ही बाजूंना एकमेकांचं कळू न देता. मला खरोखर वाईट वाटलं, कारण काकी एकट्या, त्यांना वाटत होतं ही सरकारची फी आहे.

काकींच्या मुलाला कलम 55 सांगितल्यावर त्याने दुसऱ्याच दिवशी करार ऑनलाइन रजिस्टर करायचाच असं आईला कळवलं. खर्च निम्मा निम्मा ठरला. डिपॉझिट दोन हप्त्यांत: निम्मं किल्ली घेताना, निम्मं पुढच्या पगाराला. एजंटशी तिघांचं एकत्र फोनवर बोलणं झालं. दोन्हीकडून मिळून एक महिन्याचं भाडं, म्हणजे माझ्या वाट्याला 4,500, आणि त्याची सही असलेली पावती. घर दाखवण्याचे 500 आणि व्हेरिफिकेशनचे 1,000 त्याने सोडले. भाडेकरूची माहिती काकींच्या मुलाने पोलिसांच्या संकेतस्थळावर स्वतः भरली, त्याला एक रुपया लागला नाही.

कराराचा मसुदा मात्र मी ओळ अन् ओळ वाचला. छापील नमुन्यात 'नुकसान झाल्यास डिपॉझिटमधून वळते करणे' एवढंच असतं. कोकणात हे वाक्य धोक्याचं आहे. जून ते सप्टेंबर चिऱ्याच्या भिंतीतून ओल झिरपते, कपाटामागे बुरशी धरते, खाऱ्या हवेने खिडकीचे गज गंजतात. यातलं काही भाडेकरू करत नाही. म्हणून घालून घेतलं की पावसामुळे आलेली ओल, बुरशी आणि गंज हे भाडेकरूने केलेलं नुकसान धरायचं नाही, आणि घर सोडल्यावर पंधरा दिवसांत डिपॉझिट परत करायचं. वरच्या मजल्यावर काकींची मंडळी गणपतीला आणि मे महिन्यात येतात. तेव्हा विहिरीचा पंप दोघांचा, पण बिल वापराप्रमाणे, हेही लिहिलं. मेमध्ये विहीर आटली तर टँकर कोणी मागवायचा? काकी म्हणाल्या, "पाणी द्यायचं काम घरवाल्याचं गो, ते मी बघीन." तेही करारात आलं.

अंगठ्याच्या दिवशी गडबड झाली. काकी सकाळच्या एसटीने आल्या. मशीनवाल्या मुलाने आधी माझा आणि नवऱ्याचा अंगठा घेतला, फोटो काढले, मग काकींचा. मशीन घेईना. पुसून पुन्हा, तरी नाही. काकींनी तळहात उलटे करून दाखवले: काजूचा हंगाम, बिया सोलून सोलून बोटांची कातडी चिकाने काळी पडून सोलवटलेली, रेषाच दिसत नव्हत्या. मुलाने घाई केली नाही. कोमट पाण्याने हात धुवायला लावले, थोडं खोबरेल चोळून पुसलं, आणि एकेक बोट ठेवून पाहिलं. डाव्या हाताची करंगळी चालली. साक्षीला शेजारचे काका आणि माझी ऑफिसमधली मैत्रीण थांबले होते, त्यांचेही अंगठे झाले. काही दिवसांनी नोंदलेला करार मोबाइलवर आला.

भाडं मी बँकेतूनच देते. रोखीने द्या, पावती कशाला, असं एजंट सुरुवातीला म्हणाला होता. पण जुन्या करपद्धतीत घरभाडे भत्त्याची सवलत घ्यायची तर भाड्याचा पुरावा लागतो, आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. आमचं वर्षाचं 1,08,000 होतं, म्हणून पॅन आधीच मागून घेतला. काकींना थोडी धाकधूक होती. मुलाने समजावलं आणि दिला.

किल्ली घेताना डिपॉझिटचे 15,000, भाडं 9,000, दलाली 4,500 आणि कराराचा निम्मा खर्च, असे तीस हजारांच्या आत पैसे लागले. सामान आत नेण्याआधी महावितरणच्या मीटरचं रीडिंग, प्रत्येक भिंत, नळ आणि गज यांचे फोटो काढून काकींच्या मुलाला पाठवले. मागच्या भाडेकरूचं एक वीजबिल थकलेलं निघालं. ते काकींच्या मुलाने त्याच संध्याकाळी भरून मला पावती पाठवली.