फ्रीडरिशहाफनच्या हॅम मेळाव्यात

उल्म सोडून दक्षिणेला बोडन्झे सरोवराकडे निघालेल्या गाडीत जूनच्या अखेरीस निराळीच गर्दी भेटते: हॅम, म्हणजे परवाना काढून हौसेने रेडिओवर बोलणारी मंडळी. वरच्या फळीवर मिटवून ठेवलेले फायबरग्लासचे लांब खांब, टोप्यांवर आणि शर्टांच्या खिशांवर छापलेली कॉलसाइन, म्हणजे प्रत्येकाची रेडिओवरची ओळखखूण. समोरासमोर बसलेली दोन अनोळखी माणसं एकमेकांच्या छातीवरचं कॉलसाइन वाचतात आणि एकदम ओरडतात, "अरे, हिवाळ्यात चाळीस मीटरच्या लहरींवर आपण बोललो होतो की!" मग रावेन्सबुर्ग येऊन गेलं तरी त्यांच्या गप्पा थांबत नाहीत.

ही सगळी मंडळी फ्रीडरिशहाफनच्या 'हॅम रेडिओ' मेळाव्याला चाललेली असतात. युरोपातला हा सर्वांत मोठा हॅम मेळावा. १९७६ मध्ये सुरू झाला, आणि जर्मनीतल्या हौशी रेडिओवाल्यांची संघटना डीएआरसी त्याच्या पाठीशी उभी आहे. पुण्यात कॉलेजात असताना मी हॅमचा परवाना काढला, तेव्हापासून याचं नाव ऐकत होते. आता स्टुटगार्टला राहते, तर न जाणं शक्यच नव्हतं.

गाव झेपेलिनचं, म्हणजे लांबट हवाई जहाजांचं. २ जुलै १९०० रोजी पहिलं झेपेलिन याच सरोवरावर उडालं. प्रदर्शनाच्या इमारतींना लागूनच विमानतळ आहे. तिथून आजही पंच्याहत्तर मीटर लांबीचं नवं झेपेलिन प्रवाशांना घेऊन उडतं. पण रेडिओवाल्यांना या गावाशी जोडणारा आणखी एक धागा आहे आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो. दुसऱ्या महायुद्धात झेपेलिनच्या कारखान्यात 'वुर्त्सबुर्ग' रडारच्या डिश बनत. जून १९४३ मध्ये ब्रिटिश विमानांनी त्या कारखान्यावर बॉम्ब टाकले, ते त्यासाठीच. युद्ध संपल्यावर साडेसात मीटर व्यासाच्या या डिश ठिकठिकाणी बेवारस पडल्या होत्या. त्यातली एक डच शास्त्रज्ञांनी आकाशाकडे वळवली आणि १९५१ मध्ये आकाशगंगेतल्या हायड्रोजनची एकवीस सेंटीमीटरची लहर तिच्यावर टिपली. हार्वर्डमध्ये ती काही आठवडे आधी सापडली होती. तरी बॉम्बफेक्या विमानांचा माग काढायला घडवलेली डिश आकाशगंगा ऐकू लागली, हे मला फार थोर वाटतं.

आत शिरल्यावर मी आधी जुन्या सामानाच्या दालनांकडे गेले. पुण्याचा जुना बाजार छताखाली आणून त्यात फक्त रेडिओचंच सामान मांडावं, तसं ते दृश्य. व्हॉल्व्ह, कपॅसिटर, मोर्सच्या पितळी की, सैन्याने मोडीत काढलेले ट्रान्समीटर, किलोवर विकायची केबल. एका वयस्कर गृहस्थांनी जुना व्हॉल्व्ह रिसीव्हर झाकण काढूनच ठेवला होता. झाकणाच्या आतल्या बाजूला अख्ख्या सर्किटचा नकाशा चिकटवलेला. बनवणाऱ्याने गृहीतच धरलं होतं की घेणारा हे उघडणार, बिघडलं तर स्वतः दुरुस्त करणार, वाटलं तर बदलणारही. मी बराच वेळ त्या नकाशावरून बोट फिरवत उभी होते. त्यांनी घाई केली नाही.

आता रेडिओ बदलला आहे. अँटेनातून आलेल्या लहरीचे थेट आकडे करायचे आणि गाळण्यापासून आवाज काढण्यापर्यंतची सगळी कामं प्रोग्रॅमवर सोपवायची, हा झाला सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ. झाकण उघडलं तर आत दोन-चार काळ्या चिप दिसतात. रेडिओची अक्कल कोडमध्ये गेली आहे. म्हणून झाकणाच्या आत चिकटवलेल्या त्या नकाशाची जागा आज सोर्स कोडने घ्यायला हवी, असं माझं ठाम मत आहे. कोड कुलपात असेल तर हॅमच्या हातात नुसतं गिऱ्हाईकपण उरतं. आवाजाचंच पाहा. डी-स्टार या डिजिटल आवाजाच्या पद्धतीचं तंत्र खुलं आहे, पण त्यात आवाज आवळून पाठवणारा एएमबीई कोडेक एका कंपनीच्या मालकीचा. हे खटकलं म्हणून ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड रो यांनी कोडेक-टू लिहून सगळ्यांना खुला करून दिला. सेकंदाला अवघ्या ७०० बिटांतही तो समजेल असं बोलणं पोचवतो. पोलंडमधून सुरू झालेली एम-१७ ही डिजिटल आवाजाची पद्धत त्याच कोडेकवर उभी आहे.

याच मेळाव्यात 'सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ अकादमी' नावाची व्याख्यानं होतात. गर्दी दालनांत असते, पण माझा जीव तिथे रमला. बोलणारे बहुतेक जण आपला प्रोग्रॅम पडद्यावर उघडूनच बोलतात. पुष्कळांच्या हाताखाली ग्नू रेडिओ हा खुला प्रोग्रॅम. २००१ मध्ये एरिक ब्लॉसम यांनी तो सुरू केला, जॉन गिलमोर यांनी पैसा पुरवला. फिल्टर, मिक्सर, डिमॉड्युलेटर असे चौकोन पडद्यावर मांडायचे, रेघांनी जोडायचे, की रेडिओ तयार! २०१२ च्या सुमारास आणखी एक गोष्ट घडली. टीव्ही पाहायच्या स्वस्त यूएसबी डोंगलमधली आरटीएल२८३२यू ही चिप कच्चे आकडे तशीच बाहेर देऊ शकते, हे काही खटपट्या लोकांनी शोधून काढलं आणि लपवून न ठेवता सांगून टाकलं. त्यानंतर शाळकरी मुलांच्याही हाती असा रेडिओ आला. तरुण हॅमच्या टेबलावर एक मुलगी तसंच डोंगल लावून १०९० मेगाहर्ट्झवर विमानांचे संदेश उलगडत होती. तिच्या नकाशावर एक ठिपका इतरांपेक्षा फारच हळू सरकत होता. तिने हसून खिडकीकडे बोट केलं: बाहेर झेपेलिन.

एफटी८ या कॉम्प्युटरने छोटे संदेश पाठवायच्या पद्धतीवरून मात्र मेळाव्यात वाद ऐकू येतातच. पंधरा सेकंदांची पाळी, त्यात ७७ बिटांचा मजकूर. चुका दुरुस्त करता याव्यात म्हणून जोडलेल्या बिटांसह १७४. कॉलसाइन, ठिकाणाचा चौकोन, सिग्नल किती जोराचा, आणि निरोप. संपलं संभाषण. जुने मोर्सवाले म्हणतात, "हे कॉम्प्युटरचं कॉम्प्युटरशी बोलणं." त्यांची हळहळ मला कळते. पण मी त्यांच्या बाजूने नाही. गोंगाट संदेशाच्या शंभराहून अधिक पट असला तरी एफटी८ त्यातून तो संदेश काढतं, म्हणून भाड्याच्या घरात बाल्कनीतल्या तारेवर भागवणाऱ्या माझ्यासारखीला समुद्रापार पोचता येतं. आणि ते कुणी केलं? स्टीव्ह फ्रँक आणि जो टेलर यांनी, २०१७ मध्ये. हे तेच टेलर, ज्यांनी १९७४ मध्ये रसेल हल्स यांच्याबरोबर जोडताऱ्यातला पहिला पल्सार (ठरावीक तालात लहरी सोडणारा तारा) शोधला आणि १९९३ चं नोबेल मिळवलं. गोंगाटाखाली गाडलेली क्षीण लहर गणिताने वर काढायची, ही विद्या रेडिओ खगोलशास्त्राची. खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटरच्या तीस डिश तेच करतात. २०१६ मध्ये मंगळावर उतरणाऱ्या शियापरेली यानाचा क्षीण संदेश त्यांनी पृथ्वीवरून पकडला होता.

नोबेलविजेत्या माणसाने ही विद्या हॅमना कोडसकट देऊन टाकली. म्हणून दुसऱ्या कुणाला एफटी८ च्या पायावर मनसोक्त टाइप करून गप्पा मारता येणारं जेएस८कॉल लिहिता आलं. कोड बंद असता तर "संभाषण फार तुटक आहे" ही तक्रार तक्रारच राहिली असती.

दुपारी घरी बांधलेल्या रेडिओंमध्ये एक बिटएक्स दिसला आणि मी जागीच थांबले. हैदराबादच्या अशर फरहान यांचं हे सर्किट. भारतात सहज मिळतील असेच भाग त्यात योजलेले, इतके की मूळ आराखड्यात कॉइल नळाच्या वॉशरवर गुंडाळायला सांगितल्या होत्या. मालक जर्मन. त्याने प्रत्येक टाका मला दाखवला.

शेवटचा सगळा वेळ मी उपग्रहवाल्यांच्या दालनात घालवला. कतारच्या एस-हेल-२ उपग्रहावर हॅमसाठी ट्रान्सपाँडर (खालून आलेला संदेश परत जमिनीकडे पाठवणारं यंत्र) आहे, त्याला क्यूओ-१०० म्हणतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये तो सुटला. भूस्थिर कक्षेतला हॅमचा हा पहिलाच ट्रान्सपाँडर. जवळजवळ २६ अंश पूर्व रेखांशावर तो कायम उभा असतो आणि ब्राझीलपासून थायलंडपर्यंत ऐकू येतो. मी कागदावर गणित मांडलं. फ्रीडरिशहाफनहून तो क्षितिजावर सुमारे ३३ अंश उंच, आणि पुण्याहून ३२! फक्त इथे आग्नेयेच्या अलीकडे, दक्षिणेला झुकून पाहायचं. पुण्यात पश्चिमेला, जरा दक्षिणेकडे.

तिथूनच मामेभावाला फोन लावला. सोल्डरिंग मला त्यानेच शिकवलं, आणि त्याच्या गच्चीवर डीटीएचची एक डिश वापराविना पडून आहे. डिशच्या तोंडाशी असलेली एलएनबी आलेली वारंवारता आपल्या लोकल ऑसिलेटरइतकी खाली उतरवते.

"दादा, डिश साधारण २५४ अंशांवर फिरव, ३२ अंश उचल. उपग्रहाकडून खाली येणारा डाउनलिंक १०४८९ मेगाहर्ट्झच्या आसपास आहे."

"अगं, डोंगल एवढ्या वर कुठे जातं?"

"जायला नको. एलएनबीचा लोकल ऑसिलेटर ९७५० चा आहे ना? वजा कर."

"सातशे एकोणचाळीस," तो लगेच म्हणाला. "मधला खुणेचा बीकन कुठे?"

"७३९.७५ च्या आसपास शोध. उभं पोलरायझेशन ठेव. एलएनबी तापली की वारंवारता थोडी सरकते, म्हणून आजूबाजूला पाहा."

"आत्ता इथे धो धो पाऊस आहे," तो म्हणाला. "उघडला की चढतो गच्चीवर. तू तोवर मला तो प्रोग्रॅम कुठून उतरवायचा ते पाठव."