दुसरा चोर

सिनेमा संपल्यावर शेवटपर्यंत नावं वाचत बसायची मला खोड आहे. घरचे दाराशी जाऊन उभे राहतात, "चल आता" म्हणून खुणा करतात, आणि मी वेशभूषा सहायकाच्या सहायकाचं नाव वाचल्याशिवाय उठत नाही. ओळखीचं कुणी नसतं. तरीही.

परवा दुपारी झोप येईना म्हणून कुठल्याशा हौशी सिनेमा मंडळाची १९३०च्या दशकातली एक मूक फिल्म लावली. गोष्ट चोरीची. (हौशी मंडळांच्या गोष्टींत एकतर चोर असतो, नाहीतर शेवटी सगळं स्वप्न निघतं.) सुरुवातीला नावांची पाटी आली. दिग्दर्शकाचं जे नाव, तेच खाली 'दुसरा चोर' म्हणून. कॅमेरामन जो, तोच पोलीस. मग पोलीस पडद्यावर असताना कॅमेरा कोणाच्या हातात? मी उठून बसले. सगळी फिल्म परत लावून तपासली. पोलीस दिसतो तेव्हा पहिला चोर कधीच दिसत नाही!

गोष्ट काय होती ते आता विचाराल तर सांगता येणार नाही.

माझं आपलं एक मत आहे. ही मंडळं कलेसाठी वगैरे निघाली असतील, पण त्याआधी कॅमेरावाल्याला स्वतः चित्रात यायचं होतं म्हणून निघाली. १९२२ मध्ये पाथे या फ्रेंच कंपनीचा साडेनऊ मिलिमीटरचा घरगुती प्रोजेक्टर आला, १९२३ मध्ये कोडॅकची सोळा मिलिमीटरची फिल्म आली. थिएटरातली फिल्म भपकन पेट घ्यायची, ही तशी पेटत नव्हती, त्यामुळे घरात आणायला हरकत नव्हती. हौशी माणसानं कॅमेरा घेतला. बायकोला घेतलं, मुलांना घेतलं, कुत्र्याला घेतलं, परत मुलांना घेतलं. शंभर फुटांचं रीळ चार मिनिटांत संपतं. पुढे काय? आणि या सगळ्यात तो स्वतः कुठेच नाही.

माझा मामा असाच. त्याचा आठ मिलिमीटरचा कॅमेरा होता. चावी द्यायची, खर्रर्र आवाज सुरू झाला की आम्ही भावंडं फोटोला राहतात तशी ताठ उभी राहायचो आणि मामा ओरडायचा, "अरे हला! हलायचे पैसे दिलेत!" मग आम्ही काय करणार, हात हलवायचो. त्याच्या सगळ्या फिल्म्समध्ये आम्ही हात हलवतोय. ऊन पाठीशी घेऊन उभं राहावं, असं पुस्तिकेत लिहिलेलं मामा इमानदारीनं पाळायचा. त्यामुळे कितीतरी ठिकाणी आमच्या पायांपाशी त्याची सावली आली आहे, दोन्ही कोपरं बाहेर काढलेली. मामाचं तेवढंच चित्रीकरण.

त्या आठ मिलिमीटरच्या फिल्मची गंमत अशी की रीळ असायचं सोळा मिलिमीटर रुंद, पंचवीस फुटांचं. आधी एका बाजूनं वापरायचं, मग सावलीत बसून उलटं घालायचं आणि दुसऱ्या बाजूनं. धुऊन आलं की मधोमध चिरून, जोडून पन्नास फूट. उलटायचं की उलटून झालंय यात गोंधळ झाला, तर वऱ्हाडी मंडळींच्या अंगावरून कुत्रा पळत जायचा. साडेनऊवाल्यांचं दुखणं वेगळं. त्यांच्या फिल्मला भोकं कडेला नसून मधोमध, दोन चित्रांच्या मध्ये. प्रोजेक्टरचा दात चुकला की ओरखडा थेट चित्राच्या मध्यावर, म्हणजे नेमका नाकावर.

फिल्मचे तुकडे जोडायचं काम मात्र मला आवडायचं. मामा टेबलावर पांढरं कापड पसरायचा. छोट्या पट्टीवर फिल्मचं टोक बसवायचं, त्यावरचा चित्राचा थर पात्यानं अगदी हलके खरवडायचा, बारीक ब्रशनं सिमेंटचा (फिल्म चिकटवायच्या पातळ द्रावणाला सिमेंटच म्हणत) एक थेंब, वर दुसरं टोक, आणि दाबून धरायचं. "वीसपर्यंत मोज, घाई न करता." मोजणं माझ्याकडे. त्या सिमेंटचा नाकात जाणारा गोडसर वास आजही नखं रंगवताना येतो. खरवडणं कमी झालं तर जोड सुटायचा, जास्त झालं तर फिल्मच आरपार. आणि दुसरी प्रत नाही. कॅमेऱ्यात गेलेली पट्टीच धुऊन परत यायची आणि तीच प्रोजेक्टरला लागायची. चूक काय ती तिच्यावरच.

तर मंडळं. केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी १९२३ मध्येच एक काढलं होतं. १९२६ मध्ये न्यूयॉर्कला अमॅच्युअर सिनेमा लीग निघाली, तिचा अध्यक्ष हायरम पर्सी मॅक्सिम. याच्या वडिलांनी मशीनगन शोधून काढली; मुलानं बंदुकीचा आवाज दाबणारं नळकांडं काढलं आणि मग तो मूकपटांच्या नादी लागला. घरातल्या आवाजाचा केवढा धसका घेतला असेल! हौशी रेडिओवाल्यांची संघटना त्यानं १९१४ मध्येच उभी केली होती, त्यामुळे छंदिष्टांची मोट बांधायचा सराव होता. लीगचं मासिक निघालं, आणि १९३० पासून वर्षातल्या उत्तम दहा हौशी फिल्म्सची यादीही.

मंडळाच्या संध्याकाळी काय चालत असेल ते मला डोळ्यांपुढे दिसतं. आधी एकमेकांच्या सहलींच्या फिल्म्स, त्यावर टाळ्या, मग "एक सुचवू का?" सुचवणारा प्रत्येक मंडळात असतोच. सगळ्यात जुनी तक्रार अशी की नवखा कॅमेरा हातात आला की बागेला पाणी घालतोय तसा इकडून तिकडे फिरवत सुटतो. मग घरातला प्रसंग घ्यायचा दिवस. त्या फिल्मला उजेड भरमसाट लागायचा, म्हणून फोटोफ्लडचे, म्हणजे चित्रीकरणाचे प्रखर, दिवे आणायचे. त्यांचं आयुष्यच मुळी दोन-एक तासांचं. तेवढ्यात चोरानं तिजोरी फोडायची, पोलिसानं पकडायचं, घामानं मिशी सुटायच्या आत. मधेच फ्यूज गेला की सगळे अंधारात, आणि दिवा विझला ते एका परीनं बरंच झालं, आयुष्य वाचलं त्याचं.

यातून कुणी मोठं झालं का? झालं की. ग्लासगोच्या कलाशाळेतल्या नॉर्मन मॅक्लेरन नावाच्या पोराचं काम स्कॉटलंडच्या हौशी महोत्सवात माहितीपटवाल्या जॉन ग्रिअर्सननं परीक्षक म्हणून पाहिलं आणि त्याला थेट आपल्याकडे कामाला बोलावलं. पुढे त्याला ऑस्करही मिळालं. पण मला त्याच्यापेक्षा दुसरा चोर जास्त जवळचा वाटतो. दिवसभर कुठल्यातरी कचेरीत खरडेघाशी करून संध्याकाळी मिशी चिकटवून खिडकीतून उडी मारणारा, आणि उडी मारता मारता पहिल्या चोराला "चावी दिलीस ना?" विचारणारा.

मामा कुठल्या मंडळात कधी गेला नाही. एकदा मी विचारलं होतं, तर म्हणाला, "त्यात काय, अध्यक्ष ठरलेलाच असतो. ज्याच्याकडे प्रोजेक्टर, तो."