उत्तरादाखल

माझ्याकडे एकसष्ट पत्रं आहेत. सगळी त्याची. माझं एकही नाही. आपण लिहिलेलं पत्र आपल्याकडे राहत नाही, ही पत्राची मोठीच खोड. त्यामुळे १९७२ ते १९७७ मध्ये मी कोण होते, हे मला त्याच्या उत्तरांवरून ताडावं लागतं. शेजारी कुणी फोनवर बोलत असताना पलीकडचं बोलणं ओळखावं तसं.

निळी आंतरदेशीय पत्रं. मी बार्शीत, तो पुण्यात, इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर. पत्ता अगदी काटेकोर, १९७२ च्या १५ ऑगस्टला सुरू झालेल्या पिनकोडसकट. पाठवणारी मात्र 'कुसुम'. कुसुमचं अक्षर इतकं पुरुषी कसं, हे आमच्या पोस्टमनकाकांनी कधी विचारलं नाही. डिंकाच्या कडेवर लिहिलेले शब्द उघडताना फाटत, आणि नेमके तेच महत्त्वाचे होते असं वाटत राही.

सुरुवातीची पत्रं दुष्काळातली, मिलो म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी खायच्या दिवसांतली. "मिलोच्या भाकरीच्या वासावर तू पाऊण पत्र लिहिलंस. माझी आठवण येते का, याचं उत्तर कुठंय?" अशी त्याची कुरकुर. मला आपलं वाटत होतं, मी तेव्हा नुसती उसासे टाकत होते.

मे १९७४ मध्ये रेल्वेचा संप झाला. ८ तारखेपासून वीस दिवस. टपाल कुठंतरी अडकलं आणि मग एका दुपारी चार पत्रं एकदम हातात पडली. मी भलत्याच क्रमानं फोडली. आधी "जाऊ दे, मी विसरलो", मग "एवढा राग?", मग "माझं काही चुकलं का?", शेवटी "तुझं पत्र नाही". सबंध भांडण माझ्याशिवाय होऊन मिटलंही होतं.

जून १९७५ नंतर पत्रांत एकाएकी हवापाणी सुरू होतं. इकडे पाऊस बरा आहे. मेसमधली आमटी पातळ आहे. एरवी पानभर राजकारण लिहिणारा हा मुलगा! मग एका पत्रात, बारीक अक्षरात: "तू असं उघड लिहू नकोस. शाईनं तर नकोच." त्याच्या खोलीतल्या मित्राला येरवड्याला नेलं होतं. त्याच रात्री त्यानं माझी सगळी पत्रं होस्टेलच्या बंबात घातली. हे मला लग्नानंतर कळलं, आणि त्यावर मी दोन दिवस बोलले नाही.

घरात मी भित्री म्हणूनच प्रसिद्ध. पाल दिसली तरी खुर्चीवर चढते. मग शाईनं मी असं लिहिलं होतं तरी काय?

त्याला मी आता 'अहो' म्हणते. परवा चहा देताना विचारलं, "अहो, आणीबाणीत काय लिहिलं होतं हो मी तुम्हाला?"

यांनी पेपर खाली केला नाही.

"ते आठवत नाही. पण 'हुकूमशाही'तला हु दीर्घ काढला होतास. दर वेळी."