शॉ, एक नन आणि बेथलेहेमचे दोन खडे

बर्नार्ड शॉ म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो जन्मभर देवाधर्माला चिमटे काढणारा, पांढऱ्या दाढीचा आयरिश म्हातारा नाटककार. त्याच्या उतारवयातली माझी सगळ्यात आवडती पत्रमैत्री मात्र एका ननशी आहे. लॉरेन्शिया मॅक्लाक्लन १८८४ साली, अठराव्या वर्षी इंग्लंडमधल्या स्टॅनब्रुकच्या मठात गेल्या. मध्ययुगीन चर्चसंगीतातलं त्यांचं काम नावाजलेलं, पण पाहुण्यांशी बोलायचं ते जाळीआडूनच. १९२४ मध्ये ओळख झाली तेव्हा शॉ सदुसष्ट वर्षांचा होता.

१९३१ मध्ये तो पॅलेस्टाइनला गेला आणि बेथलेहेमहून दोन खडे घेऊन आला. एक लॉरेन्शियाबाईंसाठी. दुसरा मठाच्या बागेतल्या दगडांत भिरकावून द्यायचा, म्हणजे बेथलेहेमचा दगड तिथे कायम राहील, पण नेमका कुठला ते कुणालाच कळणार नाही आणि चोरायचा मोहही होणार नाही. नास्तिकाला असली कल्पना सुचते! (‘नास्तिक’ म्हटलेलं त्यालाही पटलं नसतं म्हणा.)

पुढच्याच वर्षी बिनसलं. दक्षिण आफ्रिकेत शॉने गाडी रस्त्याबाहेर घातली, त्यात त्याची बायको शार्लट जबर जखमी झाली. ती बरी होईपर्यंत त्याने देवाच्या शोधात निघालेल्या एका काळ्या मुलीची गोष्ट लिहून काढली. बाईंना ती धर्माची विटंबना वाटली. पुस्तक मागे घ्या, म्हणाल्या. त्याने घेतलं नाही. पत्रं थांबली. अनेकांना खड्यांचा किस्सा गोड वाटतो. मला हे भांडण जास्त मोलाचं वाटतं. उगाच गोडीगुलाबी नाही. दोघंही आपापल्या जागी ठाम.

१९३४ च्या शरद ऋतूत शॉला मठातून एक छोटं कार्ड आलं. त्यावर लॉरेन्शियांचं नाव आणि १८८४–१९३४ ही वर्षं. त्याला वाटलं, बाई गेल्या! त्याने मठातल्या भगिनींना सांत्वनाचं पत्र धाडलं: त्या भागातून जाताना आत जाऊन भेटता येत नाही याची दर वेळी हळहळ वाटायची, असं त्यात लिहिलं. कार्ड होतं मठप्रवेशाच्या सुवर्णमहोत्सवाचं! बाई ठणठणीत होत्या आणि उत्तर त्यांनीच लिहिलं. समोरासमोर हा माणूस इतकं मोकळं कधी बोलला असता, असं मला वाटत नाही. चेष्टा आडवी आली असती.

त्यानंतर पत्रं सुरू झाली ती शॉ १९५० मध्ये चौऱ्याण्णवाव्या वर्षी जाईपर्यंत. पुस्तक त्याने मागे घेतलं नाहीच. बाई त्याच्यासाठी प्रार्थना करत राहिल्या, आणि त्यालाही ते आवडायचं. आसमंतात आपल्याविषयीच्या सदिच्छा भरून असतील तर त्यावर शंका घेणं अशास्त्रीय ठरेल, असं त्याचं म्हणणं!